गादीचा पंप घेण्याआधी गादीचे तोंड पाहावे

तासगावहून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे हे इतर वाचकांनाही कळेल. डिसेंबरअखेरीस घरातले पाच जण दोन रात्रींसाठी बामणोलीच्या बाजूला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी तंबूत राहणार आहात. दोन डबल हवेच्या गाद्या आणि तुमच्या आईंसाठी एक पातळ सिंगल गादी घेऊन झाली आहे, पंप मात्र अजून ठरलेला नाही. दुकानात खिशात मावणारा चार्जिंगचा पंप दाखवला, मित्राने पायपंप सुचवला, आणि गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घरात आहेच. या तिघांतला कोणता घ्यावा, आणि कॉम्प्रेसरवर भागत असेल तर वेगळा खर्च कशाला, असा तुमचा प्रश्न आहे.

मी साताऱ्यात राहतो आणि गेली बारा वर्षे शिवसागराच्या काठी पाहुण्यांसाठी तंबूंचा मुक्काम चालवतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गाद्या भरणे आणि रिकाम्या करणे हे माझे जवळजवळ रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘कोणता पंप चांगला’ हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याच्याआधी गादीत किती लिटर हवा मावते आणि गादीचे तोंड कोणत्या प्रकारचे आहे, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्या कळल्या की पंपाची निवड बरीचशी आपोआप होते, आणि त्या न पाहता घेतलेला महागडा पंपही तंबूत निरुपयोगी ठरतो.

तुम्ही द्राक्षबागायतदार आहात असे लिहिले आहे, त्यामुळे पाण्याच्या पंपाचा दाखला देतो. विहिरीवरच्या मोटरीचे हेड (पाणी किती उंच चढते) आणि डिस्चार्ज (एका वेळी किती पाणी पडते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोल बोअरमधली सबमर्सिबल पाणी खूप उंच चढवते, पण एका वेळी थोडे देते. उघड्या विहिरीवरची मोठ्या तोंडाची मोटर भरपूर पाणी देते, पण फार उंच चढवू शकत नाही. हवेच्या पंपांचेही नेमके तसेच आहे. टायरचा कॉम्प्रेसर म्हणजे जास्त हेड आणि कमी डिस्चार्ज, तर गादीचा पंप म्हणजे कमी हेड आणि जास्त डिस्चार्ज. गादीला दाब अगदी थोडा लागतो, पण हवा शेकडो लिटर लागते.

दाब किती थोडा लागतो याचा हिशेब घरी करता येतो. सत्तर किलो वजनाचा माणूस आडवा झाला आणि त्याचे अंग साधारण अर्धा चौरस मीटर जागेवर टेकले, तर गादीवर सुमारे १.४ किलोपास्कल दाब येतो. पीएसआयमध्ये सांगायचे तर हे ०.२ होतात. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय, म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल दाब असतो. झोपलेल्या माणसाला पेलायला लागणारा दाब टायरच्या दाबाच्या दीडशेव्या भागाच्या आसपास आहे. माणूस काठावर बसला किंवा कोपर टेकवून उठू लागला की एकाच जागी भार येतो आणि गादी तिथे खचते, म्हणून थोडा जास्तीचा दाब धरून दोन ते तीन किलोपास्कल पुरेसे होतात. त्यामुळे गादीच्या पंपाच्या खोक्यावर ‘१५० पीएसआय’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले दिसले, तर ते यंत्र आपल्या कामाचे नाही असे खुशाल समजावे.

आता तुमच्या गादीत किती हवा मावते ते पाहू. बाजारात सर्रास मिळणारी डबल गादी साधारण १९१ सेंटिमीटर लांब, १३७ रुंद आणि २२ उंच असते. गुणाकार केला तर सुमारे ५७५ लिटर येतात. आतल्या पट्ट्यांमुळे आणि वरच्या खळग्यांमुळे प्रत्यक्षात हवा त्याहून कमी मावते, म्हणून ५०० लिटर धरून चालू. दोन गाद्यांचे मिळून हजार लिटर झाले. आईंची सिंगल गादी सहा सेंटिमीटर जाडीची असेल तर तिला फार तर साठ-सत्तर लिटर लागतील.

टायरचा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण २० ते ३० लिटर हवा देतो. पंचवीस धरले तरी एका गादीला वीस मिनिटे होतात. शिवाय ही यंत्रे सलग चालवायची नसतात. आठ-दहा मिनिटे चालवून तितकाच वेळ थंड होऊ द्यावी लागतात. माझ्या पहिल्या हंगामात माझ्याकडे दुसरे काही नव्हते, म्हणून मी एका संध्याकाळी सहा गाद्या कॉम्प्रेसरवर भरायला घेतल्या. तिसऱ्या गादीला यंत्राचे अंग हात लावता येणार नाही इतके तापले, नळीचे टोक मऊ पडून निसटले आणि चौथ्या गादीच्या मध्यावर मोटर कायमची बंद पडली. दोष यंत्राचा नव्हता. ते ज्या कामासाठी बनवले होते ते काम मी त्याला दिलेच नव्हते. पाहुणे मात्र त्या रात्री ताडपत्रीवर सतरंज्या टाकून झोपले, आणि ती रात्र मी अजून विसरलेलो नाही. म्हणून घरातला कॉम्प्रेसर गाडीत जरूर ठेवा, पण टायरसाठी. कास पठारावरून खाली उतरताना त्याची गरज पडू शकते.

खिशातल्या पंपांकडे वळू. यांच्या आत छोटा पंखा प्रचंड वेगाने फिरतो आणि हवा ढकलतो. खोक्यावर मिनिटाला १८० किंवा २०० लिटर असा आकडा असतो. तो खोटा नसतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो, म्हणजे पंपाच्या तोंडाला काहीच जोडलेले नसताना मोजलेला. पुन्हा मोटरीकडे या: डिलिव्हरी पाइप जमिनीवर सोडला तर जितके पाणी पडते, तितके उंचावरच्या टाकीत पडत नाही. गादी भरत जाते तशी आतली हवा उलटा रेटा देते आणि पंपाचा डिस्चार्ज घटत जातो. माझ्या अनुभवात खोक्यावरच्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्के धरले की वेळेचा अंदाज बरोबर येतो. दोनशेच्या पंपाने पाचशे लिटरची गादी अडीच मिनिटांत भरावी असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात चार मिनिटे लागतात. चार मिनिटे काही फार नव्हेत, पण अडीचचा भरवसा ठेवणारा माणूस तीन मिनिटांनी पंप बिघडला असे समजून तो परत करायला निघतो.

यापेक्षा महत्त्वाचा आकडा खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो, आणि तो म्हणजे कमाल दाब. काही छोटे पंप जेमतेम दोन किलोपास्कलला थांबतात, काही चार किंवा त्याच्या थोडे पुढे जातात. डिस्चार्ज सारखाच असलेल्या दोन पंपांमधला खरा फरक इथे असतो. दोनचा पंप गादी पूर्ण आकाराला आणतो, पण ती पोटरीसारखी मऊ राहते आणि दोन माणसे झोपल्यावर मधोमध घळ पडते; मग दोघेही रात्रभर एकमेकांकडे घरंगळतात. चारचा पंप हाताने दाबल्यावर जरा विरोध करील इतकी घट्ट गादी देतो. दोन्हींतला एकच घेता येत असेल, तर मिनिटाला वीस लिटर कमी देणारा पण चार किलोपास्कलपर्यंत जाणारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कमी दाबाचा पंप हातात असेल तर एक सोपी युक्ती आहे. निरोगी माणसाची जोरकस फुंकर या छोट्या पंख्यांपेक्षा जास्त दाब देऊ शकते. गादी पंपाने भरून घ्यावी आणि शेवटच्या दहा-पंधरा फुंकरा तोंडाने माराव्यात. मात्र दमा, वाढलेला रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांनी हे करू नये, आणि संपूर्ण गादी तोंडाने भरण्याचा विचार कोणीच करू नये. चक्कर येते हे एक कारण, आणि श्वासातला ओलावा आत साठून पुढच्या हंगामापर्यंत गादीला कुबट वास येतो हे दुसरे.

बॅटरीचा हिशेबही याच ओघात सांगतो. १३०० एमएएचची बॅटरी म्हणजे ३.७ व्होल्टला सुमारे ४.८ वॉट-तास ऊर्जा. पंपाची मोटर चौदा वॉट घेत असेल तर तो साधारण वीस मिनिटे चालेल. तुमच्या दोन्ही डबल गाद्यांना मिळून आठ-नऊ मिनिटे, आईंच्या गादीला अर्धे-पाऊण मिनिट, दुसऱ्या संध्याकाळी थोडी भर आणि परत निघताना हवा ओढून घेणे, एवढे एका चार्जमध्ये कसेबसे बसते. बॅटरी एक-दोन वर्षे जुनी असेल, किंवा पंपाला जोडलेला दिवा कोणी रात्रभर लावून ठेवला असेल, तर बसत नाही. पंपावर दिवा असणे सोयीचे आहे, पण ज्या बॅटरीवर उद्याची झोप अवलंबून आहे ती उजेडासाठी खर्च करू नये. विजेरी वेगळी न्यावी. चार्जिंगचे तोंड मोबाइलच्या चार्जरसारखेच असलेला पंप घेतला तर पॉवर बँकेवर भागते. मुक्कामाच्या ठिकाणी वीज मिळेल यावर मात्र विसंबू नका. आमच्याकडे वीज आहे, पण ती कधी जाईल आणि कधी येईल ते आम्हालाही सांगता येत नाही.

गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारे गादीचे पंपही मिळतात आणि ते चांगले जोरकस असतात. पन्नास वॉटच्या आसपास वीज घेऊन मिनिटाला ३००-४०० लिटर देतात. तुमची गाडी तंबूला लागून उभी राहणार असती तर मी हाच सुचवला असता. पण पाण्याच्या काठापर्यंत गाडी येत नाही. वायर फार तर तीन मीटर असते, आणि फुगवलेली डबल गादी रस्त्यापासून तंबूपर्यंत झुडपांतून उचलून नेणे म्हणजे करवंदीच्या काट्यांना आमंत्रण आहे.

पायपंपाबद्दल तुमच्या मित्राचे म्हणणे मी सहज बाजूला सारणार नाही. त्याला बॅटरी नाही, मोटर नाही, तो बिघडला तरी काय बिघडले हे डोळ्यांना दिसते, आणि त्याचा दाब खिशातल्या पंपापेक्षा जास्त असतो. एका दाबाला प्रत्यक्षात दोन-अडीच लिटर हवा जाते, म्हणजे एका डबल गादीला दोनशेच्या वर दाब मारावे लागतात. तरण्या माणसाला हे सात-आठ मिनिटांचे काम आहे. अडचण जमिनीची असते. लोहाराचा भाता जसा घट्ट बसवलेला असतो, तसा पायपंपही सपाट आणि कडक जागीच चालतो. गवतावर किंवा भुसभुशीत मातीवर तो कलतो आणि निम्मा दाब वाया जातो. पंपाखाली एक लाकडी फळी ठेवली की काम बरेच सुधारते. वर आणि खाली दोन्ही वेळा हवा देणारा हातपंप याहून बरा, पण तो लांबोडका असतो आणि सामानात जागा अडवतो. आमच्याकडे प्रत्येक दोन तंबूंमागे एक पायपंप आजही ठेवलेला आहे, आणि एवढ्या वर्षांत एकदाही तो ऐन वेळी बंद पडलेला नाही.

आता तोंडाविषयी, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. गाद्यांना ढोबळपणे तीन प्रकारची तोंडे असतात. पहिले म्हणजे चिमटीत दाबून फुंकायचे बारीक तोंड, जे जलतरणाच्या ट्यूबला असते. त्याच्या आतली पडदी दाबून धरल्याशिवाय हवा आत जात नाही, म्हणून पंपाचे टोक तिथपर्यंत पोहोचणारे लांब आणि बारीक लागते. दुसरे मोठ्या बुचाचे सरळ भोक. यातून हवा झपाट्याने जाते, पण पंप काढून बूच लावेपर्यंत ती तितक्याच झपाट्याने परतही येते. तिसरे दोन टप्प्यांचे फिरकीचे तोंड, ज्याला बाजारात बोस्टन व्हॉल्व्ह म्हणतात. त्याचे वरचे झाकण उघडले की आत एक पडदी दिसते, जी हवा आत जाऊ देते पण बाहेर येऊ देत नाही, आपल्या मोटरीच्या फुटव्हॉल्व्हसारखी. आणि खालचा मोठा भाग फिरवून काढला की सगळी हवा एकदम सुटते. भरताना चुकून खालचा भाग उघडला जातो आणि ‘पंप चालतोय पण गादी भरत नाही’ अशी हाक येते. आठवड्यातून एकदा तरी ही हाक मला येतेच.

म्हणून दुकानात जाताना गादी बरोबर न्या. ते शक्य नसेल तर तोंडाचा आतला व्यास मोजपट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहून न्या. पंपाबरोबर तीन-चार टोके मिळतात, पण ती तुमच्या गादीला बसतीलच असे नाही. टोक थोडे सैल असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी त्यावर चढवली की ते घट्ट बसते. माझ्या पेटीत अशा पट्ट्या कायम असतात. टोक मोठे असेल तर मात्र कोणताही उपाय नाही, आणि ते रेटून बसवले तर पडदी फाटते.

पंप चालवताना एक काळजी आवर्जून घ्यावी. हा पंखा मागच्या जाळीतून हवा ओढतो आणि त्याबरोबर जमिनीवर असेल ते ओढतो. आमच्याकडची तांबडी माती मैद्यासारखी बारीक आहे. पंप मातीवर ठेवून चालवला तर एका हंगामात पंखा घासून आवाज करू लागतो, आणि गवताची काडी पडदीत अडकली तर गादी रात्रभर हळूहळू गळते. तंबूच्या आत ताडपत्री अंथरून, पंप हातात धरूनच हवा भरावी. या छोट्या पंपांचा आवाज कर्कश असतो आणि पाण्यावरून दूरवर जातो, म्हणून गाद्या जेवणाआधी उजेडात भरून घ्याव्यात. निदान माझ्या मुक्कामात तरी रात्री आठनंतर पंप चालवू नका, अशी मी सर्वांना विनंती करतो.

एका गोष्टीकडे तुमचे विशेष लक्ष वेधतो, कारण तुम्ही डिसेंबरात येत आहात. पहाटे गादी सैल झालेली असेल आणि तुम्हाला पंक्चर झाल्याची किंवा पंप नीट नसल्याची शंका येईल. सुरुवातीच्या वर्षांत मी अशा गाद्या साबणाचा फेस लावून तासन्‌तास तपासल्या आणि बहुतेक वेळा एकही बुडबुडा दिसला नाही. कारण थंडीत आहे. संध्याकाळी सहाला तंबूत २७ अंश असताना भरलेली हवा पहाटे १२ अंशांवर येते, तेव्हा ती सुमारे पाच टक्के आकसते. ऐकायला पाच टक्के किरकोळ वाटतात. पण शिवसागराच्या उंचीवर वातावरणाचाच दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास आहे, आणि त्याचे पाच टक्के म्हणजे पावणेपाच किलोपास्कल. आपण पंपाने वर भरलेला दाब तर दोन ते चार किलोपास्कलचाच असतो. गादीचे प्लॅस्टिक ताणलेले असते आणि ते थोडे आत येते, शिवाय अंगाची ऊब आतल्या हवेला मिळते, म्हणून गादी पूर्ण बसत नाही. पण मऊ नक्कीच पडते. यावर उपाय असा, की संध्याकाळी भरलेल्या गादीत झोपण्याआधी, हवा गार झाल्यावर, पुन्हा थोडी भर घालावी. त्यासाठी आवाजाचा पंप नको. पायपंपाचे पंधरा-वीस दाब किंवा चार-सहा फुंकरा पुरतात. उलट, सकाळी घट्ट भरलेली गादी दुपारच्या उन्हात बाहेर टाकून ठेवू नये. तिची शिवण फुगून सुटते आणि ती दुरुस्त होत नाही.

नव्या गादीचे प्लॅस्टिक पहिल्या दोन-तीन वेळा ताणले जाते, त्यामुळेही ती सैल पडते. निघण्याच्या आठवडाभर आधी दोन्ही गाद्या घरी भरून एक रात्र त्यांवर झोपून पाहा. खरोखर कुठे गळत असेल तर ते घरी कळलेले बरे.

तुमच्या परिस्थितीत मी काय घेईन ते सांगतो. गाडी दूर, दोन मोठ्या गाद्या, दोन रात्री आणि थंडी, असे सगळे धरून मी निदान चार किलोपास्कल दाब देणारा, हवा ओढूनही घेणारा आणि पॉवर बँकेवर चार्ज होणारा छोटा पंप घेईन, आणि जोडीला साधा पायपंप व त्याच्याखाली ठेवायची फळी नेईन. दोन्ही मिळून फार खर्च होत नाही. एकच घ्यायचा असेल तर पायपंप घेईन, कारण डोंगरात रात्री काही बिघडले तर दुकान साताऱ्यालाच सापडते. हे उत्तर तुमच्यासाठी आहे. पाठीवर सामान घेऊन चालत जाणाऱ्याने यातले काहीच नेऊ नये. त्याच्या एकट्याच्या पातळ गादीला हवेची पिशवी पुरते, जी उघडून हवेने भरायची, तोंड गुंडाळायचे आणि गादीत दाबून रिकामी करायची. तिला बॅटरी लागत नाही आणि वजन नावालाच असते.

परत निघताना पंपाची ओढणारी बाजू वापरली तर गादी पुन्हा पिशवीत मावते. आधी तोंड पूर्ण उघडून, पायाकडून गुंडाळत बरीचशी हवा काढावी आणि मगच उरलेली पंपाने ओढावी, म्हणजे बॅटरी वाचते. दव पडलेली गादी तशीच बांधू नका. घरी गेल्यावर दिवसभर सावलीत उलगडून ठेवा.

शेवटचे आईंविषयी. त्यांचे गुडघे दुखतात असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. सहा सेंटिमीटरच्या गादीवरून उठणे म्हणजे जमिनीवरून उठणेच आहे, आणि त्यात पंप कोणताही असला तरी फरक पडत नाही. शिवाय साध्या हवेच्या गादीतली हवा अंगाखाली फिरत राहते आणि खालच्या जमिनीचा गारठा वर आणते. जिथे मुक्काम ठरवाल तिथे आधीच फोन करून त्यांच्यासाठी खाट मिळेल का ते विचारा; आमच्या भागात बहुतेक ठिकाणी मिळते. खाटेवर ती सिंगल गादी अंथरा, आणि गादीच्या खाली नव्हे तर वर, अंगाला लागून, आटपाडी-जतकडचे चांगले जाड घोंगडे टाका. डबल गाद्यांवरही तेच करा. गाद्यांच्या तोंडांची मापे मोजून झाली की इथेच लिहा. कोणते टोक बसेल ते पाहून सांगतो.